किणीकरांबरोबर दहा मिनिटं

मंगळवारी दुपारी कचेरीत डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात ज्योतिबा गोरडच्या मोबाईलवर लेकीचा निरोप आला. ‘पप्पा, जमलं! शनिवारी ५.२० ते ५.३०. दहा मिनिटं. फक्त तुम्ही एकटे.’ ज्योतिबानं तो तीनदा वाचला, डबा होता तसा मिटला आणि व्हरांड्यात जाऊन फेऱ्या मारायला लागला. शिपायानं काळजीनं विचारलं, “साहेब, पोटात दुखतंय का?” त्याला काय सांगणार! श्रीरंग किणीकर भेटणार होते.

श्रीरंग किणीकर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर मनाला लावून घेऊ नका. सातारा जिल्ह्यात ते ऐकलेला दुसरा माणूस असेल असं खुद्द ज्योतिबालाही वाटत नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस मुंबईच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांमागं मेंडोलिन वाजवत बसला. गाणी गाजली, गाणारे गाजले, गाण्यांवर नाचणारे तर फारच गाजले; मेंडोलिनवाला आपला पिशवी उचलून घरी गेला. त्याच्या स्वतःच्या नावाची एकच कॅसेट निघाली आणि ती काढणारी कंपनी दोन वर्षांत बंद पडली. त्या कॅसेटची एक प्रत चौऱ्याण्णव साली लोणंदच्या बाजारात, कांद्याच्या पोत्यांशेजारच्या एका हातगाडीवर, ज्योतिबाला मिळाली. तेव्हा तो लोणंदला हंगामी नोकरीवर होता आणि त्याच्याकडे टेपरेकॉर्डरसुद्धा नव्हता. पुढं प्रांजलनं, म्हणजे त्याच्या लेकीनं, सगळं इंटरनेट पालथं घातलं, पण ही कॅसेट तिथंही नव्हती. शेवटी तिनं बापाची कॅसेटच मोबाईलवर उतरवून दिली.

त्या कॅसेटच्या बी बाजूला तिसरा तुकडा होता. सूर हळूहळू चढत जायचे, आता वर पोचणार असं वाटायचं, आणि नेमक्या त्याच जागी मेंडोलिन थांबायचं. अजिबात आवाज नाही. एक, दोन, तीन. मग काही झालंच नाही अशा थाटात पुढं चालू.

आता या थांबण्याचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. ज्योतिबाच्या बायकोला, क्रांतीला, पंचवीस वर्षं तेच वाटत होतं. पण वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत ज्योतिबाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि चौदाव्या दिवशी हा तुकडा लावल्यावर त्या तीन अंकांत तो ढसाढसा रडला होता. नोकरीत कायम होण्याचा हुकूम अडला तेव्हा त्या तीन अंकांनीच त्याला साहेबाच्या अंगावर जाऊ दिलं नाही. प्रांजलला सांगलीच्या वसतिगृहात सोडून आला त्या दिवशी तर त्यानं तो थांबा सतरा वेळा ऐकला. जो माणूस ऐन चढणीवर असा थांबू शकतो तो फार शहाणा माणूस असला पाहिजे, अशी त्याची खात्री होती. किणीकर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते आणि कार्यक्रम फारसे करत नव्हते. ज्योतिबाला त्यांना एवढंच विचारायचं होतं, की तिथं तुम्ही का थांबलात? आत्ता विचारलं नाही तर ते कायमचं राहून जाणार होतं.

सांगलीत विश्रामबागेत डॉक्टर संयोगिता म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांच्या घरच्या दिवाणखान्यात पन्नास खुर्च्या मांडून बैठकीचे कार्यक्रम होतात, आणि कॉलेज सांभाळून प्रांजल तिथं मदतीला जाते. तिनं डॉक्टरांच्या मागं लागून ही दहा मिनिटं मिळवली होती. साडेपाचला किणीकर मेंडोलिन लावायला बसणार. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, त्याला अर्धा तास लागतो आणि तेव्हा ते कुणाला समोर बसू देत नाहीत. सहाला कार्यक्रम.

ज्योतिबा तयारीला लागला. घड्याळ लावून प्रश्न विचारून पाहिला तर चार मिनिटं दहा सेकंद लागले, कारण सुरुवात वडिलांच्या आजारपणापासून होत होती. काटछाट करत गुरुवारपर्यंत त्यानं तो चाळीस सेकंदांवर आणला.

“तुमाला दहा मिनटं पुरायची न्हाईत,” क्रांती म्हणाली. “मला बघायला आलावता तवा अर्धा तास कपबशीकडं बघत बसलावता.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक झाली ती ही, की ज्योतिबा हे शेजारी बोलला. शेजारी म्हणजे भाऊसो जगदाळे, निवृत्त सुभेदार. गावाकडं ऊस, साताऱ्यात बंगला, आणि फाटकाशी उभी असलेली जीप, जी सुभेदारांच्या मते कुणाच्या तरी उपयोगी पडण्याची कायम वाट बघत असते.

“एसटीनं जाताय?” सुभेदार म्हणाले. “व्हीआयपीला भेटायला एसटीनं? गोरडसाहेब, काय बोलताय काय! आपली गाडी हाय की. मी सोताच येतो. अशा मोहिमेला एकटं जायाचं न्हाई. एक बोलणारा लागतो, एक मागं लक्ष ठेवणारा लागतो.”

“आवं, पण त्यांनी एकट्यालाच बोलवलंय.”

“ते बोलवायची पद्धत असती. लग्नाच्या पत्रिकेवर सहकुटुंब लिवलं नसलं तर काय बायकापोरं घरी ठिवून जाताय व्हय?”

ज्योतिबाला खरी धास्ती वेगळीच होती. सुभेदारांचा हस्तांदोलनाचा लौकिक आसपासच्या चार गल्ल्यांत होता. एका विमा एजंटाला त्यानंतर आठवडाभर पेन धरता आलं नव्हतं. तो पंजा आणि किणीकरांची बोटं ही जोडी नजरेसमोर आली की ज्योतिबाला दरदरून घाम फुटायचा. गाडीत बसण्याआधी त्यानं सुभेदारांकडून वचन घेतलं, की काहीही झालं तरी हात मिळवायचा नाही.

दुसरी चूक क्रांतीनं केली. तिनं गावाकडं फोनवर सांगून टाकलं. गाव म्हसवडच्या पलीकडं, माणदेशात. तिथं ज्योतिबाचे चुलते ज्ञानूतात्या अजून पन्नास मेंढरं राखून होते. लगेच तात्यांचा फोन आला.

“आरं ज्योत्या, येवढ्या मोठ्या माणसाला भेटाय निगालास आन् मोकळ्या हातानं?”

“पेढे नेतोय की, तात्या. कंदी पेढे.”

“पेढं काय कुनीबी देतंय. आपल्यात काय रीत हाय? मी एक मेंढा बाजूला काढून ठिवलाय. काळा. लय देखना हाय.”

मेंढा विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात कसा शोभेल यावर दोघांत वीस मिनिटं चर्चा झाली. अखेर मेंढा रद्द होऊन घोंगड्यावर तडजोड झाली, पण या तहाची किंमत म्हणून तात्या स्वतः यायचे ठरले. शुक्रवारी संध्याकाळी ते हजर. काखेत नवं कोरं घोंगडं, घरच्या लोकरीचं, हातमागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ देऊन असं कडक केलेलं की ते भिंतीला टेकून आपलं आपण उभं राहिलं. पिशवीत पिवळा फेटा, आणि कनवटीला भंडाऱ्याची पुडी.

तोवर कचेरीत निराळाच पेच उभा राहिला होता. (कचेरीचं नाव सांगत नाही, त्यालाही वरून परवानगी लागेल.) शनिवारी सुट्टी होती, पण कुणातरी बड्या पाहुण्यांचा दौरा संभवत असल्यामुळं मुख्यालय सोडायला लेखी परवानगी लागत होती. ज्योतिबानं अर्ज लिहिला : ‘मेंडोलिनवादकांची भेट घेणेकामी.’ अर्ज परत आला. शेरा होता : ‘सदर इसमाशी नाते नमूद करावे.’ ज्योतिबा अर्धा तास कागदाकडं बघत राहिला. एकतीस वर्षांचं नातं होतं, पण ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. त्यानं ‘श्रोता’ असं लिहिलं. पुन्हा परत : ‘श्रोता हे नाते ग्राह्य धरता येत नाही.’

शेवटी आस्थापना शाखेच्या यशराजला दया आली. “सर, कार्यक्रम कुणाच्या घरी आहे? दातांच्या डॉक्टरांच्या ना? मग ‘दंतवैद्यांकडे जाणेकामी’ लिहा की. खोटं काय आहे त्यात?” पाच मिनिटांत परवानगी मिळाली. मात्र ज्योतिबा पापभीरू माणूस. अर्जावर सही करताक्षणी त्याची डावीकडची दाढ खरोखरच ठणकायला लागली.

शनिवारी दुपारी दोनला निघायचं ठरलं होतं. सातारा ते सांगली अडीच-तीन तास. सुभेदारांनी एक वाजताच हॉर्न वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं, त्यामुळं ज्योतिबाला क्षणभर वाटलं की आपण उगीच भीत होतो. पुढं सुभेदार आणि तात्या, मागं ज्योतिबा, क्रांती आणि दोघांच्या मध्ये घोंगडं. घोंगडं वाकत नसल्यामुळं त्याला खिडकीकडची जागा द्यावी लागली आणि ज्योतिबा मधल्या उंचवट्यावर बसला.

कऱ्हाडला सुभेदारांच्या व्याह्यांचं घर लागतं. घर रस्त्यावर नाही, रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे, पण सुभेदारांच्या भाषेत ते लागतं. “दारावरनं गेलो आन् चढलो न्हाई तर लेकीला बोलणी बसत्यात,” ते म्हणाले. फक्त चहा, असं ठरून आत गेलेली मंडळी पोहे, चहा, केळी आणि शेवटी पुन्हा चहा असं करून बाहेर आली. ज्योतिबा उभ्यानंच चहा प्यायला. व्याही म्हणाले, “पाव्हणं बसंनात का?” तात्या म्हणाले, “त्याची दाढ दुखतीया.”

पेठ नाक्यावरून सांगलीकडं वळलं आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. हंगाम ऐन भरात होता. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडून लोंबणारा ऊस, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या कानाशी मोठ्यानं लावलेलं गाणं. मागून कुणी हॉर्न वाजवला तर तो गाण्याचाच भाग आहे असं तो धरून चालायचा. ज्योतिबा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. चार वाजून दहा. चार वाजून बावीस. आष्टा यायच्या आत एक ट्रॉली रस्त्याच्या मधोमध कलंडली होती, आणि सुभेदार गाडीतून उतरून तिथली व्यवस्था बघायला लागले.

“आवं सुभेदार, चला की!”

“थांबा वो गोरडसाहेब. डिसिप्लिन न्हाई ह्या लोकांत.”

सुभेदारांनी वाहतुकीला अशी शिस्त लावली की त्यांची स्वतःची जीप सोडून बाकी सगळी वाहनं पुढं गेली. तेवढ्यात ज्योतिबाचा मोबाईल वाजला. कचेरीतले मोठे साहेब. “गोरड, ते दंतवैद्य कसे आहेत हो? माझीही दाढ महिनाभर सतावते आहे. तुमची कुठली आहे? वरची का खालची?” ज्योतिबा म्हणाला, “डावीकडची, साहेब.” साहेबांनी मग स्वतःच्या दाढेची हकिगत तपशीलवार सांगितली. वरिष्ठांचा फोन आपण बंद करायचा नसतो, त्यामुळं ज्योतिबानं ती सगळी ऐकली.

विश्रामबागेत गाडी लागली तेव्हा पाच वाजून अठरा मिनिटं झाली होती. प्रांजल खाली रस्त्यावर उभी होती. गाडीतून एकामागून एक माणसं आणि शेवटी घोंगडं बाहेर पडलेलं पाहून तिचा चेहरा पडला. “पप्पा, एकटे म्हणाले होते ना मी!” ज्योतिबा जिन्याकडं धावला. त्याच्यामागून तात्या, त्यांच्यामागून सुभेदार, पेढ्यांची पिशवी घेऊन क्रांती. दारात डॉक्टर संयोगिता उभ्या होत्या. “फक्त एकजण हं,” त्या नम्रपणे म्हणाल्या. तात्या त्यांच्याहून नम्रपणे म्हणाले, “व्हय बाई, आमी घरचीच हाय,” आणि आत गेले.

आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर एक किडकिडीत म्हातारा माणूस मांडीवर मेंडोलिन घेऊन बसला होता. पांढरा सदरा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि हात एकमेकांवर चोळून ऊब आणत होता. भिंतीवरचं घड्याळ पाच बावीस दाखवत होतं.

“नमस्कार,” ज्योतिबा म्हणाला. “मी—”

मागून दाणकन आवाज आला. वचनाला जागून सुभेदारांनी हात पुढं केला नव्हता. त्यांनी टाच आपटून कडक सलाम ठोकला होता. किणीकर दचकून उभे राहिले. ते उभे राहिलेले बघून तात्यांनी कनवटीची पुडी सोडली आणि त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. थोडा कपाळाला लागला, उरलेला पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. “बिरोबाच्या नावानं चांगभलं! ज्योत्या, फेट्याचं टोक धर.”

ज्योतिबानं टोक धरलं. दुसरं काय करणार? फेटा लांबलचक, खोली लहान, त्यामुळं टोक धरून त्याला दाराबाहेर जावं लागलं. किणीकरांना भेटायच्या दहा मिनिटांतली तीन मिनिटं त्यानं डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात फेटा ताणून धरून काढली. आत आला तेव्हा किणीकरांच्या दोन्ही कानांवर फेटा घट्ट बसला होता, अंगावर घोंगडं होतं आणि ते शिंकत होते. पाच सत्तावीस.

“मी एक विचा—”

“फोटू काढ,” तात्या म्हणाले.

ज्योतिबानं फोटो काढले. तात्यांबरोबर, सुभेदारांबरोबर, तिघांचा एकत्र. तोवर तात्यांनी पलंगावर बैठक मारून चौकशी सुरू केली होती.

“किणीकर म्हंजी किणी-वाठारचं काय?”

“हो,” किणीकर म्हणाले. “आजोबांकडंच वाढलो. मुंबईला नंतर गेलो.”

“आवं, मग आमी त्या अंगाला मेंढरं घिऊन यायचो की! दिवाळी झाली की निगायचो. वड्याच्या कडंला एक काळं रान हुतं, तितं बसवायचो मेंढरं. खताला.”

किणीकर शिंकायचे थांबले. “आंब्याचं झाड होतं? वाकडं?”

“व्हय! त्याच्याच बुडात चूल मांडायचो!”

“ते माझ्या आजोबांचं रान,” किणीकर म्हणाले, आणि त्यांनी तात्यांचा हात हातात घेतला. मग कोकरांच्या गोष्टी निघाल्या, आजोबांच्या निघाल्या. दोन म्हातारे ऐन रंगात आले. ज्योतिबा समोर उभा राहून घड्याळाकडं बघत होता. पाच एकोणतीस. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती भेट त्याच्या डोळ्यांदेखत घडत होती, फक्त ती दुसऱ्याची होती. त्याला तात्यांचा भयंकर राग आला, आणि ऐंशीच्या घरातल्या चुलत्याचा राग येतो म्हणून स्वतःची लाजही वाटली.

साडेपाचला डॉक्टर दारात आल्या. “चला आता. सरांना वाद्य लावायचंय.”

“छान वाटलं,” किणीकर तात्यांना म्हणाले. “मला वाटलं होतं आज ओळखीचं कुणी नसेल.” मग ज्योतिबाकडं वळून म्हणाले, “फोटो चांगले काढलेत हो तुम्ही. गाडी तुम्हीच चालवता का यांची?”

यावर मात्र ज्योतिबाचा बांध फुटला. चाळीस सेकंदांचा घोटून पाठ केलेला प्रश्न कुठल्या कुठं गेला.

“बी बाजू!” तो ओरडला. “तिसरा तुकडा. तिथं तुम्ही का थांबलात? मला तेवढंच सांगा, लगेच जातो.”

किणीकरांनी फेटा एका कानावरून वर सरकवला. “कुठं थांबलो?”

ज्योतिबा गाऊन दाखवायला लागला. त्याला गाता येत नव्हतं हे त्याला माहीत होतं, पण आता माघार नव्हती. दातांच्या डॉक्टर, सुभेदार आणि स्वतःची लेक यांच्यासमोर तो हुंकार देत, हातवारे करत सूर चढवत राहिला. प्रांजल भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

“आवं, मोबाईलवर हाय की,” क्रांती म्हणाली. “नरडं कशाला ताणताय?”

तिनंच मोबाईल काढून लावला. पहिले सूर आले आणि किणीकर खाली बसले. “हे तुमच्याकडं आहे?” ते हळूच म्हणाले. “माझ्याकडं नाही हो. माझी प्रत पावसात गेली. किती वर्षांनी ऐकतोय.” मोबाईल कानाशी धरून ते ऐकत राहिले. बोटं आपोआप हलत होती. सूर चढत गेले, चढत गेले आणि थांबले. किणीकरांची बोटं मात्र थांबली नाहीत. ती हवेत तशीच वाजवत राहिली. त्यांनी दचकून मोबाईलकडं पाहिलं.

“हे काय? इथं मी थांबत नाही.”

“थांबता,” ज्योतिबा म्हणाला. “तीन अंक. मी मोजलेत.”

“अहो, नाही थांबत! सगळ्या तुकड्यातली अवघड जागा ती. तेवढ्यासाठी मी चौदा वेळा रेकॉर्डिंग केलं होतं, बोटं सोलून निघाली होती.” त्यांनी पुन्हा लावून ऐकलं. “ऐका, इथं टक् वाजतंय. आणि पुढं पुन्हा टक्. ही फीत कुणीतरी तोडून जोडलीय.”

मग तात्यांनी घसा खाकरला.

“लोनंदवरनं आनलीवती तीच का रं ही, ज्योत्या?”

“तात्या?”

“तू आंघुळीला गेलातास. मला वाटलं, बघू तरी काय हाय. आमच्या टेपात घातली तर टेपानं फीत खाल्ली. लय चुरगळली. मग तेवढी कापली आन् बिरोबाच्या ओव्यांच्या क्यासेटीची शेवटाला कोरी फीत उरलीवती, त्यातली घालून जोडली. मेंढराला जखम झाली की लावायची पांडरी पट्टी हुती, ती लावली. घोंगड्याला ठिगळ लावतो तसं, मापाला माप. वीतभर गेलं हुतं, वीतभरच घातलं. तुला काय कळलंच न्हाई, मग म्या बी बोललो न्हाई.”

ज्योतिबा मटकन खाली बसला. एकतीस वर्षं ज्या जागेसाठी तो श्रीरंग किणीकरांना थोर मानत आला होता, नेमक्या तेवढ्याच जागेत श्रीरंग किणीकर नव्हते. वडिलांसाठी तो रडला ते मेंढराच्या पट्टीवर. त्याला हसू आलं नाही. कुणीतरी घरातली एक वस्तू उचलून नेली आणि वर ती कधी नव्हतीच असं सांगितलं, तसं त्याला झालं.

“तुम्हाला ते थांबणं आवडायचं?” किणीकरांनी विचारलं.

“तेवढंच आवडायचं,” ज्योतिबाच्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावून तो म्हणाला, “म्हणजे बाकीचंही चांगलं आहे.”

किणीकरांनी मोबाईल क्रांतीच्या हातात परत दिला. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा पाच एक्केचाळीस झाले होते आणि मेंडोलिनची एकही तार लागलेली नव्हती.

पुढचा अर्धा तास ज्योतिबानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी मोठ्या मनानं सगळ्यांना भिंतीकडेला सतरंजीवर जागा दिली होती. सुभेदार म्हणत होते, “मोहीम कडक झाली!” तात्या पेढा खात होते. ज्योतिबाचा गुडघा सारखा हलत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कार्यक्रमाच्या तोंडावर आपण सांगून आलो, की तुमच्या सगळ्या वाजवण्यात आम्हाला तुमचं न वाजवणं आवडलं. शत्रूनंही असं बोलू नये. उठून निघून जावं असं त्याला तीनदा वाटलं, पण जीपची किल्ली सुभेदारांकडं होती.

सव्वासहाला किणीकर आले. फेटा डोक्यावर तसाच होता. बहुधा सुटला नसावा. त्यांनी कुणाकडं न बघता वाजवायला सुरुवात केली. एक झालं, दोन झाली, चार झाली. लोक टाळ्या वाजवत होते. ज्योतिबाला काही ऐकू येत नव्हतं.

पाचव्याला काही न सांगता त्यांनी तो तुकडा धरला.

ज्योतिबाचा हलणारा गुडघा अधिकच जोरात हलायला लागला. आता ती चौदा वेळा घोटलेली जागा येणार, आणि ती ऐकली की आपली जागा कायमची बुजणार, हे त्याला स्वच्छ कळत होतं. कानात बोटं घालावीत का, हाही विचार त्यानं केला. सूर चढले. आणखी चढले.

किणीकर थांबले.

एक. दोन. तीन. दिवाणखान्यात कुणी हललं नाही. चौथा अंकही गेला. किणीकरांचा उजवा हात तारांवर वीतभर उचलून तसाच राहिला होता. डॉक्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, विसरले वाटतं. “ह्योच तो तुकडा न्हवं?” तात्या मोठ्यानं म्हणाले, आणि क्रांतीनं त्यांना चिमटा काढला.

किणीकर जाड भिंगांतून माणसांत कुणालातरी शोधत होते. नजर खुर्च्यांवरून फिरत फिरत भिंतीशी आली आणि ज्योतिबावर थांबली. तेव्हा ज्योतिबाच्या लक्षात आलं, की ते विसरलेले नाहीत. हा थांबा त्यांनी जन्मात कधी घेतला नव्हता. किती थांबायचं आणि पुन्हा कधी निघायचं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्याला विचारत होते.

ज्योतिबाचा गुडघा थांबला. मंगळवारपासून तो पहिल्यांदाच कसलीही घाई न करता बसला होता. पन्नास माणसं श्वास धरून होती, एक म्हातारा माणूस हात उचलून वाट बघत होता, आणि तीन अंक तर केव्हाच होऊन गेले होते. ज्योतिबानं त्याला हवा होता तेवढा वेळ घेतला. मग त्यानं मान हलवली, आणि किणीकरांचा हात तारांवर आला.